उभ्या पिकात उमटणारे पाये : नागपुरातील पुरातत्त्व, सुदूर संवेदन आणि मृदा सर्वेक्षण कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अधीक्षक पुरातत्त्वविद, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नागपूर मंडळ;
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य;
मा. संचालक, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नागपूर;
मा. संचालक, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, नागपूर

विषय : जमिनीखालील ऐतिहासिक वास्तूंचा पीकखुणांवरून शोध घेण्यासाठी नागपूर परिसरात संयुक्त काम सुरू करण्याबाबत

महोदय,

रामटेक आणि कुही तालुक्यांतल्या शेतांखाली सातवाहन आणि वाकाटक काळातल्या वास्तूंचे पाये आहेत, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. ते नेमके कुठे आणि कसे पसरले आहेत, हे कुदळ न लावता कळण्याची संधी मात्र वर्षातून जेमतेम काही आठवडे येते. त्या आठवड्यांत उभ्या पिकांकडे वरून पाहण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असावी, एवढीच माझी मागणी आहे. मी पुरातत्त्वज्ञ नाही. माझी नोकरी मातीच्या सर्वेक्षणात, हवाई छायाचित्रांच्या जोड्या स्टिरिओस्कोपखाली ठेवून मातीच्या सीमा आखण्यात गेली. त्यामुळे पुढे मातीविषयी जास्त आणि वास्तूंविषयी कमी लिहिले गेले, तर आपण ते समजून घ्याल.

पीकखुणांमागचे, म्हणजे जमिनीखालच्या अवशेषांमुळे उभ्या पिकात उमटणाऱ्या खुणांमागचे, तत्त्व साधे आहे. शेतात दीड-दोन फुटांवर विटांच्या भिंतीचा पाया असेल, तर त्यावरच्या पिकाला मुळे खाली सोडायला माती कमी मिळते. पाऊस भरपूर आहे तोवर काही फरक दिसत नाही. ओल ओसरू लागली की त्या अरुंद पट्ट्यातले पीक आधी मान टाकते, बुटके राहते आणि बाकीच्या शेताच्या आठ-दहा दिवस अगोदर पिवळे पडते. जिथे एके काळी खंदक, विहीर किंवा कचऱ्याचा खड्डा होता आणि तो कालांतराने गाळाने व राखेने भरून आला, तिथे याच्या नेमके उलट घडते. तिथले पीक उंच आणि गडद हिरवे होते आणि उशिरा पिकते. शेतात उभे राहून पाहणाऱ्याला हे सारे ठिगळासारखे, विस्कळीत वाटते. दोनशे-तीनशे फुटांवरून तेच पाहिले तर रेषा जुळतात, काटकोन दिसतात, खोल्यांची मांडणी ओळखू येते.

आपल्या भागात यात एक गुंता आहे आणि तो सुरुवातीलाच नोंदवलेला बरा. विदर्भातल्या जुन्या विटा मोठ्या आणि पक्क्या असल्याने गावोगावच्या लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या काढून घरांना आणि विहिरींना वापरल्या. वीट काढून नेलेल्या भिंतीच्या जागी चर उरतो, तो भुसभुशीत मातीने भरतो, आणि मग भिंतीच्या रेषेवर पिवळ्याऐवजी हिरवा पट्टा उमटतो. एकाच वास्तूची अर्धी रूपरेषा पिवळी आणि अर्धी हिरवी दिसू शकते. प्रतिमा वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो एका इमारतीची दोन अवशेषांत वाटणी करून मोकळा होईल.

ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमधल्या रिचबरो येथे पीक उगवून आले की जुन्या रोमन नगरातले एकमेकांना छेदणारे रस्ते विरळ रोपांमुळे दिसतात, अशी नोंद विल्यम कॅम्डन यांनी सोळाव्या शतकातच केली होती. विमान आल्यावर तिला वेग आला. डिसेंबर १९२५ मध्ये गिल्बर्ट इनसॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या नांगरलेल्या शेतात काही पांढुरके ठिपके दिसले, पुढच्या जुलैत त्याच जागी गव्हात गडद ठिपक्यांची एकात एक वर्तुळे उमटली, आणि उत्खननात लाकडी खांबांचे खड्डे निघाले. ते स्थळ आज वुडहेंज म्हणून ओळखले जाते. खुद्द स्टोनहेंजमध्ये २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यात गवताला पाणी घालण्याची नळी एका बाजूपर्यंत पोचली नाही, तेव्हा तिथले गवत करपले आणि नाहीशा झालेल्या शिळांच्या जागा दिसू लागल्या. सतराव्या शतकापासून ज्या जागेचे नकाशे काढले जात आहेत, तिथेही काही नवे कळायला एक आखूड नळी पुरली.

आपल्या कामाला सगळ्यांत जवळचे उदाहरण मात्र इटलीतल्या अल्तिनुमचे आहे. व्हेनिसच्या खाजणाजवळचे हे रोमन नगर लोकांनी सोडले, त्याचे दगड-विटा पुढे इतरत्र वाहून नेण्यात आल्या आणि वर शेती सुरू झाली. जमिनीवर पाहण्यासारखे फारसे काही उरले नाही. जुलै २००७ मध्ये तीव्र अवर्षण असताना पाडुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथली हवाई छायाचित्रे मिळवली, दृश्य प्रकाशातली आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त किरणांतलीही. शेतांत मका आणि सोयाबीन होते. त्या पिकांनी नगराचा जवळजवळ संपूर्ण आराखडा दाखवला : रस्ते, तटबंदी, नाट्यगृह, बाजारचौक आणि त्याभोवतीची दुकाने, नगरातून जाणारा रुंद कालवा. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. पहिली अशी की विटा-दगड चोरीला गेलेल्या नगराचाही आराखडा मिळतो. दुसरी अशी की ज्या पिकात तो मिळाला, ते सोयाबीन आज विदर्भाच्या खरिपातले प्रमुख पीक आहे.

भारतात उपग्रह प्रतिमांवरून पुरातत्त्वाचे काम झालेलेच नाही, असे नाही. नालंदा महाविहाराचा विस्तार उत्खनन झालेल्या भागाच्या बराच पलीकडे होता, हे बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधनाने अशाच प्रतिमांच्या आधारे दाखवले आहे. मात्र बिहारच्या गाळाच्या मैदानात जे जमते ते आपल्या काळ्या मातीत तसेच जमेल, हे गृहीत धरता येणार नाही.

काळ्या मातीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण या योजनेवर पहिला आक्षेप तिथूनच येईल आणि तो रास्त असेल. युरोपातल्या बहुतेक पीकखुणा खडू, वाळू किंवा रेतीमिश्रित गाळ असलेल्या जमिनीत मिळाल्या, कारण अशी जमीन पाणी धरत नाही आणि पिकाला लवकर ताण बसतो. आपली खोल काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस गेल्यावरही तिच्यात महिनोन्‌महिने ओल असते आणि त्या ओलीवरच आपला कोरडवाहू रब्बी हंगाम उभा असतो. शिवाय ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात-हात खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत जाते आणि पावसाळ्यात ती फुगून सगळे खाली-वर होते. तेव्हा काटोल-कळमेश्वरकडच्या खोल काळ्या रानात पीकखुणांचा शोध घेत बसणे म्हणजे वेळ घालवणे ठरेल.

नागपूर जिल्ह्याची सगळी माती मात्र तशी नाही. पश्चिमेकडे बेसाल्ट आहे. रामटेककडे जाताना बेसाल्ट संपतो आणि फार जुने स्फटिकमय व रूपांतरित खडक सुरू होतात. त्यांच्यावरची माती उथळ आणि रेताड असते, आणि ती ओल लवकर सोडते. मनसर, नगरधन, रामटेक हा वाकाटकांच्या राजधानीचा पट्टा याच बाजूला येतो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आणि पीकखुणांना त्यातल्या त्यात अनुकूल माती एकत्र यावी, हा योगायोग आपण वाया जाऊ देऊ नये. काळ्या मातीच्या रानांसाठीही एक वेगळी शक्यता तपासण्याजोगी आहे. खाली पाया असेल तर वरचा थर पातळ राहतो, आणि पातळ थराला पडणाऱ्या भेगा शेजारच्या खोल मातीतल्या भेगांपेक्षा अरुंद आणि उथळ असल्या पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये रान उघडे असताना ड्रोनने भेगांचे जाळे टिपले, तर पिकाशिवायही काही हाती लागेल का, हे पाहायला हरकत नाही.

पिकांचे वेळापत्रक इथल्याच शेतीवरून बसवावे लागेल. जुलै महिना युरोपासाठी योग्य असला, तरी आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेले असते आणि रान ओलेचिंब असते. खरिपात ऑगस्टमध्ये पावसाचा दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला, तर हलक्या जमिनीवरचे सोयाबीन दुपारी पाने मिटू लागते. तो खंड संपण्यापूर्वीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे. रब्बीत जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, विशेषतः ओलिताखाली नसलेला गहू आणि ज्वारी. हरभऱ्याचे सोटमूळ खोल जात असल्याने त्यात खुणा अस्पष्ट राहतील, असा माझा अंदाज आहे. धानाच्या बांध्यांत पाणी साचलेले असेपर्यंत पाहण्यात अर्थ नाही. पण उभ्या धानात फेकलेली लाखोळी (एक कडधान्य) धान कापल्यावर उरलेल्या ओलीवरच वाढते, म्हणून मौदा आणि भंडाऱ्याच्या बाजूला तिच्याकडे लक्ष द्यावे. संत्र्याच्या बागा सोडून द्याव्यात.

पेंचच्या कालव्यांचा मुद्दा इथेच येतो. ज्या शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी मिळते, तिथे पाण्याने सगळा फरक पुसला जातो. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जिथे शेवटची पाळी पोचत नाही आणि शेतकरी दरवर्षी तक्रार करतो, तिथलीच शेते आपल्याला हवी आहेत. कोणत्या गट क्रमांकात कोणते पीक आहे, हे २०२१ पासून ई-पीक पाहणीत दर हंगामात नोंदले जाते. महसूल विभागाकडे बसल्या जागी असलेली ही माहिती जगातल्या बहुतेक हवाई पुरातत्त्वज्ञांना विमान उडवण्याआधी मिळत नाही. त्यांना उडून पाहावे लागते.

पहिल्या दोन हंगामांत नवीन काही शोधण्याचा मोह टाळावा, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. आधी जे माहीत आहे ते दिसते का, हे पाहावे. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले आणि वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा तिथे मिळाली. मनसरला हिडिंबा टेकडीवरची आणि तिच्या परिसरातली विटांची बांधकामे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उजेडात आली. कुही तालुक्यातल्या अडमला तटबंदी आणि खंदक दोन्ही आहेत, आणि तिथे अस्सक (अश्मक) या प्राचीन जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची तटबंदी आणि १९६९-७० मध्ये उत्खनन झालेले स्तूप सर्वश्रुत आहेत. अशा प्रत्येक उत्खननात एखादी भिंत चरीच्या कडेपर्यंत येऊन पुढे न खणलेल्या शेतात शिरताना दिसते आणि अहवालातल्या नकाशात ती रेषा तिथेच तुटते. आपल्याला हवी आहे ती नेमकी ही तुटलेली रेषा. ती पुढच्या शेतात कोणत्या पिकात, कोणत्या आठवड्यात आणि किती खोलीवरून उमटते, हे एकदा कळले की या भागासाठीची मोजपट्टी तयार होईल. खणून पुन्हा बुजवलेली चर या कामाला उपयोगाची नाही. तिथे भिंतीऐवजी आपण भरलेल्या मातीचीच खूण दिसेल.

खोट्या खुणांचा बंदोबस्तही याच काळात करावा लागेल आणि त्यासाठी शेतकऱ्याशी बोलण्याला पर्याय नाही. उन्हाळ्यात धनगरांनी ज्या तुकड्यात मेंढ्या बसवल्या असतील, तिथे पुढच्या हंगामात स्वच्छ चौकोनी गडद हिरवा पट्टा दिसतो. प्रतिमेत तो एखाद्या भरून आलेल्या तळ्यासारखा वाटतो. जुन्या खळ्याची जागा चोपून घट्ट झालेली असते, म्हणून तिथे बुटक्या पिकाचे गोल उमटते, आणि ज्या प्रदेशात जुनापाणी आणि माहुरझरीची प्राचीन दफनांची शिळावर्तुळे आहेत, तिथे असे गोल पाहून कोणाचेही डोळे चमकतील. मोडून टाकलेला धुरा (शेताचा बांध), वहितीत घेतलेली पांदण, गावचे जुने आखर (गुरे गोळा करण्याची जागा), ठिबकच्या नळ्या, पेरणीयंत्राची तुंबलेली नळी, खताची पोती जिथे फोडली ती जागा, हे सगळे प्रतिमेत ऐतिहासिक दिसू शकते. जुन्या गाव नकाशावर धुरे आणि पांदणी असतात. प्रतिमा त्या नकाशावर बसवून पाहिली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी मातीचा हातबरमा आणि चहाचा एक कप पुरतो. याच बरोबर तलाठी दप्तरातली रिठी गावे, म्हणजे कागदावर असलेली पण वस्ती उठलेली गावे, आणि गावाशेजारच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांची नोंदही तपासावी. ती पांढरी माती शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून शेतात पसरलेली असते, त्यामुळे ज्या शेतात खापरे सापडतात तिथेच वस्ती होती, असा निष्कर्ष पीकखूण न पाहता काढणेही धोक्याचे.

प्रतिमांची वानवा नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळतात, परंतु त्यांचा एक ठिपका दहा मीटरचा असतो. त्यात खंदक दिसेल, दोन-अडीच फुटांची भिंत कधीच दिसणार नाही. त्यांचा उपयोग ताण कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे ओळखण्यापुरता करावा. भिंतीसाठी आपल्याच कार्टोसॅट मालिकेच्या, मीटरपेक्षा बारीक तपशिलाच्या प्रतिमा लागतील, आणि त्याहून बारीक तपशिलासाठी ड्रोन, शक्यतो निकट अवरक्त कॅमेऱ्यासह, कारण पिकाचा ताण डोळ्यांना दिसण्याच्या काही दिवस आधी त्या किरणांत कळतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ दरम्यान घेतलेली आणि १९९५ मध्ये खुली केलेली कोरोना उपग्रहांची छायाचित्रेही मिळवावीत. पेंचचे कालवे आणि ट्रॅक्टर येण्यापूर्वीचे रान त्यांत आहे. आमच्या पिढीने मातीच्या कामासाठी वापरलेली कृष्णधवल हवाई छायाचित्रे कपाटांत पडून असतील, ती पुन्हा एकदा काढून पाहावीत. आम्ही ती मातीसाठी पाहिली. त्यांतल्या सरळ रेषा आम्ही धुरे समजून सोडून दिल्या असतील.

ड्रोनच्या बाबतीत नागपूरला एक अडचण आहे. विमानतळ आणि हवाई दलाच्या आस्थापनांमुळे शहराभोवतीच्या हवाई क्षेत्रावर निर्बंध आहेत आणि खासगी अभ्यासकाला ऐन आठवड्यात परवानगी मिळणे दुरापास्त असते. शासकीय संस्थेने हंगामाच्या आधीच परवानगी घेऊन ठेवली, तर हा प्रश्न राहत नाही. जमिनीत शिरणारे रडार हा याला पर्याय नाही; ओल्या चिकण मातीत त्याचा संदेश फार खोल जात नाही, आणि ते चालवायचे तर आधी कोणते शेत, हे ठरलेले असावे लागते. तो क्रम पीकखुणा लावून देतील.

आता घाई कशासाठी, हा प्रश्न. नागपूरपासून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपण सर्वांनी पाहिला; आणखी महामार्गांची आखणी सुरू आहे. रस्त्याची रेषा कागदावर असताना ती थोडी सरकवणे शक्य असते, भूसंपादन झाल्यावर नाही. शहराच्या चारी बाजूंना शेते अकृषक होऊन लेआउट पडत आहेत. वीटभट्ट्यांसाठी वरची माती उचलली जाते, आणि खोल नांगरटीचा प्रत्येक फेरा पायाच्या वरच्या थरातल्या विटा उपसून धुऱ्यावर फेकतो. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते, परंतु ते ज्याचे नाव यादीत आहे त्यालाच. ज्याचा पत्ताच नाही त्याला कायदा कुठून लागू होणार?

शेतकऱ्याच्या मनातली भीतीही इथे नोंदवतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर काम पहिल्या गावातच अडेल. शेताखाली जुने काही आहे असे सरकारला कळले की शेत गेले, असे गावोगाव मानले जाते. वरून फोटो काढल्याने सातबाऱ्यावर कोणतीही नोंद होणार नाही, हे आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यानिशी ग्रामसभेत सांगावे लागेल. दुसरा धोका गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांचा आहे. पीकखुणांचा नकाशा गट क्रमांकासह खुला केला, तर पुढच्या अमावास्येला तिथे खड्डे पडतील. पारदर्शकतेचा मी पुरस्कर्ता आहे, तरीही या एका बाबतीत तालुकास्तरापुढचा तपशील संशोधकांपुरता आणि रस्तेबांधणीच्या यंत्रणांपुरता मर्यादित असावा, असे माझे मत आहे.

माझी विनंती मोठ्या निधीची किंवा नव्या संस्थेची नाही. आपली ही कार्यालये किंवा त्यांच्या शाखा याच शहरात आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आणि महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालयही हाकेच्या अंतरावर आहेत. प्रत्येकाकडून एक माणूस, एक सामाईक संगणक आणि वर्षातून दोन बैठका, पावसाळ्यापूर्वी एक आणि दिवाळीनंतर एक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सुरुवातीचे क्षेत्र मनसर, नगरधन आणि रामटेक यांच्यामधले, आणि त्याबाहेरचे एकच अडम. दिवाळीनंतरची पहिली बैठक याच वर्षी झाली, तर रब्बीच्या ई-पीक पाहणीची माहिती येईपर्यंत टेलची कोरडवाहू शेते निवडून होतील, ड्रोनची परवानगी डिसेंबरात मागता येईल आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहिले उड्डाण करता येईल. त्या बैठकीला जुन्या छायाचित्रांच्या वाचनासाठी माझ्यासारख्या निवृत्तांची गरज वाटल्यास आम्ही काही जण विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मृदा सर्वेक्षक
नागपूर